लांबून सर

आमच्या कॉलेजात हिंदी शिकवणारे सर कुठलंही चित्र जवळून बघायचे नाहीत. तुम्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवलात की ते तो उचलून परत तुमच्याच हातात द्यायचे आणि व्हरांड्याच्या टोकाकडे बोट करायचे. "तिकडं जा, जिन्यापाशी. हां, आता धर छातीशी." मग स्टाफरूमच्या दारात खुर्ची ओढून बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि बघत राहायचे. येणारी-जाणारी पोरं हसायची. चित्र धरणाऱ्याचे हात भरून यायचे. वार्षिकांकाचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे दर हिवाळ्यात कोणी ना कोणी त्या जिन्यापाशी उभं असायचंच. पोरांनी त्यांना 'लांबून सर' हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. "अंक हातात यायच्या आधी लांबून दिसतो की," ते म्हणायचे. "तिथनंच त्यानं बोलावलं पाहिजे."

मी मैंदर्गीहून सोलापूरला शिकायला आले तेव्हा त्या शहरात मला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. आमच्या घरी कानडी बोलतात. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "पंखा बंद पडली" असं म्हणाले आणि मागची बाकं हसली. त्यानंतर मी बोलणंच कमी केलं. शनिवारी दुपारी हॉस्टेल रिकामं व्हायचं. मैंदर्गी काही फार दूर नाही, पण घरी गेलं की स्थळांचा विषय निघायचा, म्हणून मी जायचे नाही. खोलीत बसून चित्रं काढायची. एवढी एकच गोष्ट मला न बोलता करता येत होती.

वार्षिकांकासाठी मुखपृष्ठ हवं असल्याची सूचना लागली तेव्हा मी एक चित्र केलं. उघडं पुस्तक, त्यातून निघालेली मशाल, वर पृथ्वीचा गोल, भोवती उडणारे पक्षी. फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. 'मस्त', 'एक नंबर', 'लई भारी'. ज्यांची नावं मला माहीत नव्हती त्यांनीही टाळ्या पाठवल्या. इतकी माणसं माझ्याशी एकदम बोलली, असं तोवर कधी झालं नव्हतं. मी तो ग्रुप पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी उभी राहिले. सरांनी बराच वेळ बघितलं आणि हातानंच बोलावलं.

"मशाल बघितलीस कधी?"

"नाही सर."

"पृथ्वी?"

"नकाशात."

"हे पक्षी कुठले?"

मी कागद खाली घेऊन पक्ष्यांकडं बघितलं. सर हसले नाहीत. पुढ्यातला डबा बाजूला करून त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

"मैंदर्गी."

"मग मैंदर्गी, तू काय बघितलंयस ते काढ. हे तर मी न बघता सांगितलं असतं. दर वर्षी येतं हे माझ्याकडं, फक्त पोरं बदलतात."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मैंदर्गीच झाले. हॉस्टेलवर येऊन रडले ते चित्र नापास झालं म्हणून नव्हे. ग्रुपमधल्या एवढ्या टाळ्यांमध्ये एकानंही मला काही विचारलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

मी दुसरं चित्र केलं. हॉस्टेलची गच्ची, रविवारची दुपार. दोरीवर वाळत घातलेल्या ओढण्या, आणि त्यांच्यामागे पाठमोरी बसलेली एक मुलगी, हातात फोन. एवढंच. या वेळी सर इतका वेळ बघत राहिले की शिपायानं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. मग ते उठून चालत माझ्याकडं आले. असं ते कधी करत नसत.

"हिचा फोन लागत नाही," त्यांनी हळूच विचारलं, "का हिला लावायचाच नाहीये?"

उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "ओढण्यांचा रंग कमी कर, बेटा. त्या फार बोलतात. तिला बोलू दे."

अंकाच्या समितीची बैठक झाली तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. चित्र टेबलावरून फिरलं. प्राचार्य चांगले गृहस्थ होते, त्यांनी तोंडावर नको म्हटलं नाही. "कला आहे हो हिच्या हातात. पण अंक पालकांच्या घरी जातो. उदास वाटतं जरा. मुलगी पाठमोरी का? तिला समोर तोंड करून हसवता येईल का?" समितीतल्या एका मुलानं तेवढ्यात मोबाइलवर एआयला दोन ओळी टाइप करून एक चित्र तयारही केलं. उगवता सूर्य, हातात पुस्तकं घेऊन हसणारी मुलंमुली, सगळ्यांचे दात एकसारखे पांढरे. सगळ्यांना ते आवडलं. सर म्हणाले, "यातलं एक पोरगं मला आपल्या कॉलेजात दाखवा." लोक हसले. सरांनी तेच पुन्हा, आवाज जरा चढवून विचारलं. मग कोणी हसलं नाही, पण मुखपृष्ठ सूर्याचंच ठरलं. माझं चित्र आत, कवितांच्या पानावर, एका कोपऱ्यात काळं-पांढरं छापलं गेलं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हरलो की गं." जणू चित्र त्यांचंच होतं.

त्यानंतर मी मुखपृष्ठासाठी पुन्हा चित्र दिलं नाही, पण सरांना दाखवणं सोडलं नाही. एका रविवारी काही कामानं कॉलेजकडे गेले तर सर बंद स्टाफरूमच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. मी विचारलं, "सर, सुट्टीच्या दिवशी?" पान उलटत ते म्हणाले, "घरात भांडं पण वाजत नाही, मैंदर्गी. हितं निदान कबुतरं तरी भांडतात." मी खालच्या पायरीवर बसले. पुढं बहुतेक रविवार आम्ही तसेच काढले. ते वाचायचे, मी कबुतरं काढायची. चित्र झालं की मी न सांगता उठून जिन्यापाशी जायची. ते म्हणायचे, "मान चुकली," किंवा "हे उडणार आहे, हे नाही उडणार." माझं मराठी त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या घरची भाषा उर्दू, ती त्यांच्या मराठीत मिसळलेली असायची. आम्ही दोघं दुसऱ्यांच्या भाषेत बोलत होतो, पण तिथं आम्हाला कोणी हसत नव्हतं.

माझं शेवटचं वर्ष आणि त्यांची निवृत्ती एकदमच आली. निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषणं. सर दोनच वाक्यं बोलले आणि खाली बसले. महिन्याभरात मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. स्टेशनवर मी गेले होते. गाडी हलायच्या आधी ते खिडकीतून म्हणाले, "चित्रं पाठवत जा. लाजू नको." मी मान हलवली. नंतर रिक्षा न करता चालत हॉस्टेलवर आले, कारण घाई करावी असं तिथं काहीच नव्हतं.

मला पुण्यात पाकिटं आणि खोक्यांवरची चित्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली. तिथं शेरे मिळायचे, "नाव मोठं करा," "लाल भडक करा." घरी आल्यावर मी माझी चित्रं काढायची, फोटो सरांना पाठवायची आणि रविवारी ते फोन करायचे. पहिली दहा मिनिटं नुसतं बोलून घ्यायचे. "तू बोल काहीही. मराठी ऐकून लई दिवस झाले." मराठीत अडखळणाऱ्या माझ्याकडून कोणी मराठी ऐकायला मागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांचे शेरे गोलगोल येऊ लागले. एकदा मी बैलाचं चित्र पाठवलं आणि ते म्हणाले, "बाईची साडी चांगली उतरलीय." मी पाठवलेला फोटो पुन्हा उघडून बघितला. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "चुकलो काय? साखरेनं डोळे खाल्ले, मैंदर्गी. अर्धं वर्ष झालं. तुला सांगितलं असतं तर तू पाठवायची थांबली असतीस." मग ते म्हणाले, "तू सांग. वरच्या डाव्या कोपऱ्यातनं सुरू कर. मी बघतो."

तेव्हापासून मी चित्र सांगू लागले. कुठं काय आहे, सावली कुठल्या बाजूला पडली, निळा म्हणजे कसला निळा. ते मध्येच अडवायचे. "तिथं तू घाई केलीस. काय आहे तिथं?" मी बघितलं की खरंच तिथं काही जमलेलं नसायचं. न दिसणाऱ्या माणसानं दाखवलेली चूक मी खोडरबरानं पुसायची आणि पुन्हा काढायची. ऑफिसात मी अजूनही फारसं बोलत नव्हते. आठवडाभराचे माझे सगळे शब्द त्या एका फोनसाठी राखलेले असायचे.

या हिवाळ्यात एका रविवारी त्यांचा फोन आला नाही. मीच लावला. सरांच्या मुलीनं उचलला. "अब्बा गुरुवारी गेले," ती म्हणाली. "झोपेतच गेले. तुम्हाला कळवायचं होतं, पण तुमचं नावच मला माहीत नव्हतं. ते फक्त मैंदर्गी म्हणायचे."

तिच्याकडं मागं माणसांचा आवाज होता, भांडी वाजत होती. फोन ठेवायला हवा हे कळत होतं. समोर टेबलावर त्या आठवड्याचं चित्र तसंच पडलेलं होतं.

"तुम्ही त्यांना चित्रं सांगायच्या ना?" तिनं विचारलं. "मी दारातून ऐकायची. मला त्यातलं काही कळत नाही. पण आज काही काढलं असेल तर सांगा. मी ऐकते."

फोनमधला गलका कमी झाला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. मी खुर्ची ओढून टेबलापाशी बसले आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून सांगायला लागले.