मुखपृष्ठावरचं गाणं

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात संगीताचं एक मासिक येतं. ते उघडून वाचणारे दोघं-तिघंच; नुसतं मुखपृष्ठ बघायला येणारे मात्र एकच काका. अक्कलकोटकडचे, हार्मोनियम दुरुस्त करणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान गेले आणि सूर लावायचं कामही सुटलं.

अंक टेबलावर उभा करून, चष्मा पुसून ते अर्धा-अर्धा तास बघत बसायचे. मग साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायचे, "ताई, ह्यो वरच्या सा ला पोचलाय. भुवया बघा की! मागच्या अंकातल्या बाईचं तोंड उघडं हुतं, पन गळ्याची शीर सैल. ती गात न्हवती, फोटो काढून घेत हुती." वाचक हसायचे. मी त्यांना 'हळू बोला' असं कधी खुणावलं नाही.

या महिन्यात मासिकानं रूप पालटलं. मुखपृष्ठावर माणूस नाही, वाद्य नाही; निळ्या रंगावर नुसती मोठी अक्षरं. काकांनी अंक उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात कुणीच गात न्हाय वो," ते पुटपुटले.

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'आतला लेख चांगला आहे, काका. वाचून बघा.'

"वाचून काय करू, ताई? मी हितं ऐकायला येत हुतो."

त्यांनी खिशातून सभासद कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. 'असू द्या तुमच्याकडेच,' एवढं मी लिहीपर्यंत ते जिना उतरून गेले होते. मागून हाक मारून उपयोग नव्हता.