ठाण्यातला पाण्याचा कूलर

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि साताऱ्याकडं हायवेवरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. गेटमधून आत-बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू रजिस्टरला चढवायची, एवढंच काम. वर्दीवर माझा भारी विश्वास. कुणी पोलिसांना नावं ठेवली की मी त्याच्या अंगावर धावून जायचो.

कवठे महांकाळकडचं आमचं गाव. गावातल्याच एकाला मी कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर चिकटवलं होतं. मागच्या पावसाळ्यात त्याच प्रेसखाली तो गेला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर दोन दिवस आधी दुरुस्तीला बाहेर गेला होता. गेटवर त्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. मशीन मात्र चालूच ठेवलं होतं. कंपनी म्हणाली, चूक त्याची. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून कागद झाला आणि फाईल मिटली.

दसऱ्यानंतर त्याची बायको एसटीनं आली. भरपाईचं ती बोललीच नाही. म्हणाली, "दादा, त्येंची चूक नव्हती एवढं पोलिसांनी लिवून घ्याया पायजे. पोरं मोठी झाल्यावर त्यास्नी काय सांगू?"

"चल माझ्यासंगं," मी म्हणालो. "सायेब माझ्या वळखीचं हायत. खंडेनवमीला ठाण्यात पाण्याचा कूलर मीच न्हेऊन बसवलाय."

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होते, ठाण्यात बंदुकांची. त्या निमित्तानं कंपनीकडून दरवर्षी ठाण्यात मिठाईचे पुडे जायचे. त्या वर्षी कूलर गेला. त्याला हळदकुंकू मीच लावलं होतं. त्यात काही वावगं असेल हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. उलट तिला धीर यावा म्हणून मी ते फुशारकीनं सांगून बसलो.

ठाण्यात साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला. "या फौजी, तुम्ही तर घरचेच," ते म्हणाले. मी सेन्सरचं सांगितलं, रजिस्टरचं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. आमच्यासमोरच आमच्या मॅनेजरला फोन लावला. "तुमचा माणूस आलाय इथं. समजवा जरा." मग चहा मागवला.

तिनं चहा घेतला नाही. उठून कूलरचं पाणी प्यायली. कूलरवर पाटी होती. एकेक अक्षर लावत तिनं कंपनीचं नाव वाचलं, खालचं 'सप्रेम भेट' वाचलं आणि माझ्याकडं वळली.

"दादा, ह्योच न्हवं तुमचा कूलर?"

"व्हय," मी म्हणालो.

एसटीत बसताना तिकिटाचे पैसे तिनं माझ्याकडून घेतले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर नवं कोरं रजिस्टर ठेवलेलं होतं. जुनं कुठं गेलं, हे मी कुणाला विचारलं नाही.

या खंडेनवमीला कंपनीनं ठाण्यासाठी इन्व्हर्टर घेतला. तोही मीच पोचवला. जाताना वाटलं, आता तरी लाज वाटेल. वाटली नाही. काहीच वाटलं नाही. त्याच्यावरची पाटी जरा तिरकी बसली होती. स्क्रू ढिले करून मी ती सरळ केली.