आर्डिसनं लावलेलं फाटक

स्टेनस्रुडांच्या स्वयंपाकघरात दोन पुस्तकं असत. आर्डिसचं बायबल खिडकीच्या फळीवर, आणि तिच्या सासऱ्याचं, म्हाताऱ्या हाल्वरचं, पंचांग चुलीमागच्या खिळ्यावर. पाद्र्याची ही मुलगी लग्न होऊन डोंगरापायथ्याच्या त्या गुरांच्या वाडीत आली, तेव्हापासून त्या दोन पुस्तकांचं पटलं नव्हतं, आणि माणसांचं तर त्याहून नाही.

हाल्वर तिच्याशी थेट बोलतच नसे. ती समोर उभी असली तरी मुलाला म्हणायचा, "मर्ल, तुझ्या बायकोला सांग, कॉफी पाणचट झालीय." आणि मर्ल, देवमाणूस, खरोखर मान वळवून सांगायचा.

ऑक्टोबर निम्मा उलटला होता. बटाटे तळघरात गेले होते, सफरचंदं शिजवून बरण्यांत भरली होती, धुराडं खरवडताना मर्लनं तोंड काळं करून घेतलं होतं. गुरं डोंगरावरून उतरवून घराजवळच्या कुरणात आणली होती. आता एकच मोठं काम उरलं होतं, वासरांचं दूध तोडायचं. गाई ओढ्यापलीकडे न्यायच्या, वासरं अलीकडे ठेवायची, आणि दोन्हीकडचा हंबरडा थांबेपर्यंत कानांत बोळे घालून जगायचं.

त्याच आठवड्यात शहरातून आर्डिसच्या मुलीचा, कार्नाचा, फोन आला. रविवारी तिच्या धाकटीचा बाप्तिस्मा होता.

"आई, थोरल्याच्या वेळी तुमचं गवत कापायचं होतं. मधल्याच्या वेळी वासरांना डाग द्यायचे होते. या वेळी काय काढलंयस?"

"काही नाही. येतेय मी."

"नसशील येणार तर झगा पोस्टानं पाठव. तुझी खुर्ची राखून मी पुन्हा लोकांत हसं करून घेणार नाही."

झगा आर्डिसच्या आईच्या हातचा होता. घरातलं प्रत्येक मूल त्याच पांढऱ्या झग्यात वेदीपुढे गेलं होतं. आर्डिसनं तो त्याच रात्री काढून हवा लागायला खुर्चीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवताना हाल्वरनं पंचांग खिळ्यावरून काढलं, बोट ओलं करून पान उलटलं. पानावर माणसाचं चित्र होतं आणि कोणत्या दिवशी चंद्र त्याच्या कुठल्या अवयवात ते लिहिलेलं; चंद्र मांडीत उतरला की वासरं मुकाट दूध सोडतात, अशी त्याची खात्री.

"रविवारी दूध तोडायचं. रविवारी चंद्र मांडीत उतरतो. शेजारच्या प्रुइटांना मदतीला सांगितलंय मी. मर्ल, तुझ्या बायकोला सांग, सहा माणसं जास्त जेवायला."

"बाबा, रविवारी माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे," आर्डिस म्हणाली. "शुक्रवारी उरकू या ना."

"शुक्रवारी चंद्र कमरेत आहे. वासरं हंबरून हंबरून घसे फोडून घेतील, न्यूमोनियानं मरतील. पोरीचं काय, पाणी कधीही शिंपडता येतं."

आर्डिसच्या हातातला चमचा ताटावर आपटला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मर्ल पावाला लोणी लावत होता. लावतच राहिला.

शुक्रवारी बाप-लेक लाकडं तोडायला रानात गेले. आर्डिसनं भांडी घासली, एक स्तोत्र म्हटलं आणि पेंडीचं पोतं पिकअपमध्ये टाकलं. कुरणात जाऊन तिनं भोंगा दाबून धरला.

भोंगा म्हणजे पेंड, हे प्रत्येक गाईला ठाऊक. वासरांनी पेंड कधी चाखलीच नव्हती. गाई पोटं हलवत गाडीमागे धावल्या, पुलावरून ओढ्यापार गेल्या, आणि वासरं मागे बावळटासारखी उभी राहिली. चार-पाच चिकट निघाली, आईच्या शेपटीला लागूनच आली. त्यांना आर्डिसनं ॲप्रन झटकत, चिखलात एकदा सपशेल पडून, मागे हाकललं. मग फाटक लावलं, साखळी दोनदा गुंडाळली आणि पेंड ओतली.

हंबरडा रानापर्यंत पोचला. लाकडं तिथंच टाकून दोघे परत आले. हाल्वर दारातच ओरडला, "मर्ल! विचार तिला, कुणाच्या परवानगीनं?"

"मी इथंच आहे, मलाच विचारा."

"कमरेत चंद्र असताना! माझ्या बापानं असं केलं नाही, मी केलं नाही. एक वासरू खोकलं ना, तर बघ!"

"देवानं चंद्र उजेडासाठी केलाय, बाबा. गुरं राखायला नाही."

"पाद्र्याची पोर ती पाद्र्याचीच पोर."

"हो. आणि रविवारी मी देवळात असणार."

मर्ल म्हणाला, "झालं ते झालं, आता..." आणि बूट काढायला वाकला. आर्डिसला त्या वेळी सासऱ्यापेक्षा नवऱ्याचा राग जास्त आला.

शनिवारभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. बाहेर वासरं बोलत होती तेवढं पुरे होतं. तरी तिनं मांसाचा मोठा तुकडा भाजायला काढला. पाहुण्यांना उपाशी ठेवणं तिला पाप वाटे.

रविवारी सकाळी ती चांगला कोट घालून बाहेर आली. झग्याचा खोका तिनं गाडीच्या सीटवर ठेवला, आणि एकाएकी सगळं शांत झालं. एकही वासरू हंबरत नव्हतं.

फाटक सताड उघडं होतं. हाल्वर साखळी हातात घेऊन उभा होता. गाई अलीकडे आल्या होत्या, आणि वासरं आचळांना ढुशा देत घटाघटा पीत होती. शुक्रवारपासूनचं सगळं पाण्यात गेलं होतं.

"आता तोडू," हाल्वर म्हणाला. "चंद्र मांडीत आहे."

मर्ल धावत आला आणि त्यानं गाडीच्या दारावर हात ठेवला. "आर्डिस, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून आलं. फाटकावर तुझ्यासारखं कुणी नाही गं. तासभर तरी..."

आर्डिसनं त्याचा हात दारावरून बाजूला केला. मग घरात गेली. मर्लला वाटलं, बूट बदलायला गेली. ती ओव्हनमधलं मांसाचं भांडं गोधडीत गुंडाळून बाहेर आली आणि तिनं ते गाडीच्या डिकीत ठेवलं. वर दोन ॲपल-पाय ठेवले.

"मर्ल!" फाटकावरून हाल्वर ओरडला. "तुझ्या बायकोला सांग, ते भांडं खाली ठेव! प्रुइट येतायत जेवायला!"

"मर्ल," आर्डिस गाडीत बसत म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांग, पंचांग शिजवा."

वळणावर प्रुइटांची गाडी समोरून आली. त्यांनी हात हलवला. तिनंही हलवला.

देवळात पहिलं गाणं सुरू झालं होतं. कार्नानं मागे वळून पाहिलं. ना हसली, ना उठली. झग्याच्या खोक्याकडे बघून पुटपुटली, "इस्त्री केलीस?"

"केली."

शेजारच्या खुर्चीवर कार्नाची पर्स ठेवलेली होती. तिनं ती उचलून मांडीवर घेतली.