खड्डेमास्तरांचा परवाना

गावाबाहेर घर बांधायचं तर सेप्टिक टँकचा परवाना लागायचा, आणि तो देण्याआधी जमीन तपासायला एकतीस वर्षं एकच माणूस यायचा. तोंडावर साहेब, पाठीमागे खड्डेमास्तर. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. खड्डा खणायचा, पाण्याने भरून एक अख्खा दिवस भिजू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाणी किती वेळात किती उतरतं ते मोजायचं. उन्हाळ्यात चिकणमातीला भेगा पडतात, पहिलं पाणी त्यांत गडप होतं आणि माणूस फसतो. म्हणून तो भिजवायचा दिवस. मास्तरांनी तो कुणालाही माफ केला नाही. एकदा एक विधवा शिक्षिका परवान्यासाठी रडायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमच्या रडण्याने खड्ड्यातलं पाणी उतरत नाही." घरी येऊन हे वाक्य त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं. ती हसली नाही.

त्यांच्या हाताखाली एक तरुण बाई नोकरीला लागली. एकदा तिचा खड्डा खोलीला चार बोटं कमी भरला. मास्तरांनी मालक, गवंडी, मजूर सगळ्यांच्या देखत तो तिच्याच हाताने बुजवून तीनदा खणून घेतला. ती मुकाट्याने खणत राहिली. काम मात्र अस्सल शिकली.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा बायकोचं एकच मागणं होतं, स्वतःचं घर आणि घरात संडास. भाड्याच्या खोल्यांमागच्या सामाईक संडासापुढे रांगेत तिची उभी हयात गेली होती आणि आता गुडघे साथ देत नव्हते. मास्तरांनी उतारावरची एक जमीन बघितली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि जागच्या जागी सौदा पक्का केला. खणून काही बघितलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

परवाना द्यायला त्यांच्या हाताखालची तीच बाई आली. आता मास्तरांच्या जागेवर तीच होती. भर उन्हाळा होता. खड्ड्यातलं पाणी बघता बघता उतरलं.

"सर, आज भिजू द्या. उद्या परत भरून मोजते."

"मला शिकवतेस? ही माती मी ओळखतो. काही गरज नाही."

खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीची काळी, चकचकीत रेघ होती. तिने ती नीट बघितली.

"तुम्ही म्हणता तर," ती म्हणाली आणि तिथेच सही करून दिली. तिला सगळं कळलं होतं. सूड उगवायची संधी आपल्या पायांनी चालत आली, ती तिने दवडली नाही.

टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवायचा शोषखड्डा खणताना कमरेइतक्या खोलीवर गवंड्याचं फावडं चिकटून बसलं.

"साहेब, खाली सगळी चिकण आहे. इथे थेंब मुरायचा नाही. परवाना परत करा, दुसरीकडे जागा काढू."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. परवाना परत करायचा म्हणजे त्या पोरीपुढे उभं राहून माती ओळखता आली नाही असं सांगायचं.

"चार गाड्या खडी टाक आणि बुजव," ते म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घर झालं. बायको पहिल्या दिवशी संडासाचं दार उगाचच तीनदा उघडून लावून आली. उताराच्या खालच्या अंगाला विहीर होती. "आपल्या विहिरीचं पाणी किती गोड आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पावसाळ्यात शोषखड्ड्यावरची जमीन मऊ पडली आणि घाण वर येऊन उताराने विहिरीकडे ओघळायला लागली. मास्तर पहाटे उठून त्यावर माती लोटायचे. त्यांनी स्वतःपुरतं दुकानातलं बाटलीबंद पाणी सुरू केलं, पोटाला विहिरीचं मानवत नाही असं सांगून. बायकोला विहीर बंद कर म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं. माणूस इतका नीच होऊ शकतो, आणि तरीही त्याला जेवण जातं.

बायकोचे डोळे पिवळे झाले, अन्न पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे. या वयात जिवावर बेतू शकते. पाण्यातून झालेली दिसते. पाणी कुठलं पिता?"

ती तोंड उघडणार एवढ्यात मास्तर म्हणाले, "नळाचं."

त्यांच्या घरात नळ नव्हता. तिने नवऱ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने भिंतीला धरून धरून स्वयंपाकघर गाठलं, विहिरीच्या पाण्याचा एक पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"प्या," ती म्हणाली.

मास्तर पेल्याकडे बघत बसले. हात काही पुढे झाला नाही. मग ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली, आणि त्यानंतर जे अकरा दिवस ती जगली, त्यांत नवऱ्याशी एक शब्दही बोलली नाही.