मिसेस लक्सटनचा ‘आय’

मिसेस लक्सटन दिवसभर कोणाशी बोलत असतील, हा विचार तीन आठवडे माझी पाठ सोडत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी शाळेत, मुलांच्या कोटांच्या खुंट्यांखाली त्यांची खुर्ची असायची. आता ती तिथे नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, घर गावाबाहेर चढावर. काल बेकरीत दिसल्या. एक पाव घेतला, मला पाहून मान हलवली आणि निघाल्या. एरवी त्या एका पावापायी वीस मिनिटं बोलत उभ्या राहायच्या.

बेरिल लक्सटन याच गावच्या. उत्तर डेव्हनमध्ये जुन्या वळणाचं बोलणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, त्यांतल्या एक. ‘शी टोल्ड मी’ नाही, ‘हर टोल्ड आय’. कर्त्याच्या जागी कर्म आणि कर्माच्या जागी कर्ता. साताऱ्याच्या शाळेत हे शब्द घोकताना माझा आधीच घोळ व्हायचा, कारण मराठीतला ‘मी’ म्हणजे ‘आय’ आणि इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे ‘मला’. लग्न करून इथे आले, तर सासरची म्हातारी माणसं खुशाल दोन्हींची अदलाबदल करत होती.

मिसेस लक्सटन सात वर्षांच्या असताना वर्गात शाई सांडली होती. कोणी सांडली, असं बाईंनी विचारल्यावर बेरिलने शेजारणीकडे बोट दाखवून सांगितलं, ‘हर डन इट.’ बाईंनी तिच्या हातावर पट्टी मारली आणि शंभर वेळा ‘शी’ लिहायला लावलं. “शाई सांडणारी राहिली बाजूला, हात माझे सुजले!” हे सांगताना त्या हसायच्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं मुलांना जेवू घातलं. नवरा रेज दुधाची गाडी चालवायचा. तो गेल्यावर कित्येक महिने दिवसातला पहिला शब्द त्या किटलीशी बोलत. शेवटी शाळेनेच विचारलं, मुलांचं वाचन ऐकायला याल का?

माझी टॅमसिन तेव्हा सहा वर्षांची होती. मोठ्याने वाचायचं म्हटलं की तोंड घट्ट मिटायची. मी रोज रात्री पुस्तक घेऊन बसायचे, आणि रोज रात्री दोघी रडायचो. मिसेस लक्सटननी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“पोरी, हे अक्षर केवढं बारीक गं! मला मेलीला दिसतच नाही. त्या कोंबडीचं पुढं काय झालं?”

“ती पळाली,” टॅमसिन म्हणाली.

“असं लिहिलंय? का तुझ्या मनाचं?”

“लिहिलंय! हे बघा!” आणि तिने वाचलं. म्हातारीला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

यंदा टॅमसिन प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. मे महिन्यात सरकारी परीक्षा, त्यात व्याकरणाचा वेगळा पेपर, आणि त्यात कुठे ‘आय’ लिहायचा, कुठे ‘मी’, याचे हमखास प्रश्न. मार्चमधल्या एका संध्याकाळी जेवताना तिने बटाट्यांकडे हात केला आणि बापाला म्हणाली, ‘गिव्ह इट टू आय.’

कॉलिन खो खो हसला. “माझी आजी आली वाटतं जेवायला!”

“हसू नकोस. सहा आठवड्यांवर परीक्षा आहे.”

“अगं, गंमत करतेय ती.”

“गमतीला गुण नाहीत. मिसेस लक्सटनबद्दल मी शाळेला लिहिणार आहे.”

“माझी आजी जन्मभर असंच बोलली. तिच्या नावानेही तक्रार केली असतीस?”

त्याला कधी कोणी फोनवर तेच वाक्य तीन-तीनदा म्हणायला लावलेलं नाही. मला लावलंय. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं, की मिसेस लक्सटनच्या बोलण्याने मुलीचं व्याकरण बिघडतंय. त्यांनी माझं नाव न घेता मिसेस लक्सटनना सुचवलं, की परीक्षा होईपर्यंत तुम्ही ग्रंथालयातल्या पुस्तकांना चिठ्ठ्या लावाल का? त्या “बरं” म्हणाल्या आणि पुढच्या मंगळवारपासून आल्याच नाहीत.

आज दुपारी टॅमसिनला खणात त्या पत्राची प्रत सापडली. मी स्वयंपाकघरातून आले, तर ती हातात लाल पेन्सिल घेऊन बसली होती. रडून झालं होतं.

“ममा, तुझं चुकलंय.”

“टॅमसिन, मी तुझ्या भल्यासाठीच...”

“ते नाही. हे.” तिने कागद पुढे केला. ‘माझ्या नवऱ्यासाठी आणि माझ्यासाठी ही काळजीची गोष्ट आहे’ असं लिहिताना मी ‘फॉर माय हजबंड अँड आय’ लिहिलं होतं. तिथे इंग्रजी ‘मी’ हवा. “बाबाला काढून टाक आणि वाच. ‘फॉर आय’ म्हणशील?”

कान तापले माझे. ‘गिव्ह इट टू आय’ आणि हे, यात फरक तो काय? माझी चूक नुसती कोट घालून आली होती.

“कोणी शिकवलं तुला हे?”

“मिसेस लक्सटननी. त्या म्हणतात, दोघं असले की चूक लपते. दुसऱ्याला बाजूला काढायचं आणि एकटं उरलेलं कसं वाटतं ते ऐकायचं.”

“पण त्या स्वतः तर...”

“त्यांना लिहायचं कसं ते येतं, ममा. शंभर वेळा लिहिलंय त्यांनी. बोलतात मात्र त्यांच्या आईसारखं.” मग खाली बघत ती म्हणाली, “माझ्या सरावाच्या पेपरात एकही चूक नव्हती. तू बघितलाच नाहीस.”

पेपर तिच्या दप्तरातच होता. आत्ता, ती झोपल्यावर, काढून पाहिला. ‘आय’ आणि ‘मी’चे सगळे प्रश्न बरोबर.

साडेअकरा वाजलेत. मिसेस लक्सटन पावणेसहाला उठतात आणि किटली ठेवतात. मुख्याध्यापिकांशी नंतर बोलेन. आधी उद्या सकाळी सहाला चढावरच्या त्या घरी फोन करणार आहे. कोण म्हणून विचारतील तेव्हा ‘मी’ म्हणेन, आणि ते पत्र माझं होतं हे लगेच सांगेन, त्या काही बोलायच्या आत.