फ्रीजच्या दारातली बाटली

माझ्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. चष्म्याशिवाय पेपर वाचता येईल असं भिंग मी बसवून घेतलं होतं आणि इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला पेपर वाचून दाखवत हिंडत होतो. ऑपरेशननंतरच्या ड्रॉपची एक बाटली निम्मी उरली होती. उरलेलं औषध फेकवत नाही, हा माझा जुना रोग. ती बाटली मी फ्रीजच्या दारात सॉसशेजारी जपून ठेवली.

बायकोचं माहेर वणीजवळ. छाटणीच्या दिवसांत ती भावाच्या द्राक्षबागेत गेली आणि एक काडी सपकन तिच्या उजव्या डोळ्यात बसली. घरी आली तेव्हा डोळा लालभडक झाला होता.

"अहो, दवाखान्यात जाऊ या," ती म्हणाली.

"उगाच बाऊ करू नकोस. माझा ड्रॉप आहे ना!" मी तिची मान मागं करून दोन थेंब टाकले.

दोन दिवसांत लाली उतरली. मी लगेच मेव्हण्याला फोन लावला. "दाजी, तुमी तर डॉक्टरच निघाले!" तो म्हणाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाचव्या दिवशी तिच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. मी थेंब वाढवले. आणखी तीन दिवस. गाढवपणाला काही सीमा असते, ती मी ओलांडली.

आठव्या दिवशी डोळा उघडेनाच, तेव्हा ती बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी बुबुळावरचं थोडं खरवडून तपासलं आणि विचारलं, "हे ड्रॉप कोणत्या डॉक्टरांनी दिले?"

बायकोनं माझ्याकडे बोट केलं.

"काडीबरोबर बुरशी आत गेली होती. तुमच्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड आहे. ते लाली घालवतं आणि बुरशी वाढू देतं. आठ दिवस तुम्ही तिला खतपाणी घातलंत." बाईंनी बाटली माझ्या हातात ठेवली. "वाचा. मोठ्यानं."

दार उघडं होतं, बाकावरचे लोक ऐकत होते. मी वाचलं. उघडल्यावर महिनाभरात टाकून द्या. बुरशीचा संसर्ग असल्यास वापरू नका. अक्षरं मुंगीएवढी होती, पण मला चष्मा लागला नाही.

बुरशी औषधाला दाद देईना, म्हणून बुबुळ बदलायचं ठरलं. तिथं नातेवाइकांना बाहेर टीव्हीवर ऑपरेशन दाखवतात. तिचा डोळा पडदाभर पसरला होता. गोल पात्यानं सडलेला भाग कापला, ती वाटीनं पुऱ्या कापते तसा. त्या जागी कुणा मेलेल्या माणसाचं स्वच्छ बुबुळ ठेवलं आणि केसाहून बारीक दोऱ्यानं सोळा टाके घातले. मेव्हणा मध्येच उठून गेला. मी शेवटच्या टाक्यापर्यंत बसलो, आता सगळं निस्तरलं असं मनाशी म्हणत.

दीड महिन्यानं तेही बुबुळ दुधाळ झालं. तिच्या शरीरानं ते परकं म्हणून झिडकारलं. त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. मला लाज वाटते, आणि तिला त्या लाजेचा काडीचा उपयोग नाही.

डोळा निदान दुखू नये म्हणून अजून दिवसातून चार वेळा थेंब टाकावे लागतात. ते मीच टाकायचे, अशी तिची अट आहे. मुलीलाही हात लावू देत नाही. खुर्चीत बसते आणि म्हणते, "नाव वाचा." मी वाचतो. "तारीख वाचा." वाचतो. "कुणाची बाटली?" "तुझी." मगच ती मान मागं करते.

गेल्या महिन्यात हे पाहुण्यांसमोर चाललं होतं. माझं डोकं सटकलं. म्हणालो, "तुझा डावा डोळा ठणठणीत आहे. तुझं तू वाच की!"

"मला दिसतंय," ती शांतपणे म्हणाली. "वाचायचं तुमचं राहिलं होतं."