जोडीदारणीचा केक

माझी ताई चिडकी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. लॉन्ड्रीत तिला 'इस्त्री' म्हणत. तापली की चटका देते, पण सुरकुती ठेवत नाही. हे नाव तिच्या तोंडावर घ्यायची हिंमत एकाच बाईत होती. तिचंही नाव सांगतो. बुटकी. तेही टोपणनावच, आणि ते ताईनेच ठेवलेलं.

ताईने सगळी नोकरी एकाच लॉन्ड्रीत केली. इस्पितळांच्या चादरी तिथे येतात. धुतलेली ओली चादर तापलेल्या रोलरखाली घालायची, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. चादरीचं एक टोक हिने धरायचं, दुसरं जोडीदारणीने. ताणायचं आणि दोघींनी एकाच क्षणी सोडायचं. एक जण केसभर मागे राहिली तर चादर तिरकी जाते, आणि तिरकी गेलेली चादर पुन्हा भिजवावी लागते. म्हणून चादरीकडे बघायचं नसतं. समोरच्या बाईच्या मनगटाकडे बघायचं. नवऱ्याचा चेहरा पाहिला नसेल इतकं ताईने बुटकीचं मनगट पाहिलंय. हे भावोजींचं वाक्य आहे, माझं नाही.

तिथे एक पद्धत होती. साहेबांची नव्हे, बायकांची. जी काम सोडून जाईल तिचा केक तिच्या जोडीदारणीने करायचा. घरी, स्वतःच्या हाताने. विकतचा चालत नाही. आणि संत्र्या-लिंबाचाच करायचा, वर साखरेची झिलई ओतून. ब्लीचचा वास नाकात घर करतो. साबणाने जात नाही, अत्तराने जात नाही. संत्र्याच्या सालीपुढे तेवढा नमतो. केक कापायचा रोलरपाशी, रोलर थांबवून. पहिला तुकडा जोडीदारणीला. तो रोलर बिघडला तरच थांबायचा. धड असताना थांबायचा तो फक्त या केकसाठी.

मग चिमटेवालं मशीन आलं. चादरीची दोन टोकं दोन चिमट्यांत अडकवायची, पुढचं ते बघतं. एक बाई पुरते. सकाळी मशीन जोडलं आणि दुपारच्या जेवणाआधी बुटकीला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ताई जुनी, म्हणून ताई राहिली.

बायकांनी ताईला विचारलं, केक कधी आणतेस? ताई फाडकन म्हणाली, "केक निवृत्तीला असतो. हे हाकलणं आहे. हाकलण्याला केक करून मी त्याला शोभा आणणार नाही."

ती हे रागाने बोलली, आणि मशीनवाल्यांवरच्या रागाने बोलली. पण बुटकीपर्यंत पोचलं ते इतकंच, की इस्त्रीने केक केला नाही. स्वतःची जागा राहिली, जोडीदारीण विसरली. बुटकीने बोलणं टाकलं. ताईनेही टाकलं. तिचं म्हणणं, ज्या बाईने इतकी वर्षं माझं मनगट पाहिलं तिला माझं मन सांगावं लागत असेल, तर गेली उडत.

दोघीही गाढव. पण मला विचारतो कोण?

काही वर्षांनी ताईची निवृत्तीची पाळी आली. सुपरवायझर मशीनपाशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, केकची काळजी नको हं. ऑफिसकडून मागवलाय. मोठ्या दुकानातला. वर तुमचा फोटो असणार. खायचा फोटो!"

"म्हणजे तुम्ही सगळे माझं तोंड खाणार?"

"अहो, हल्ली सगळे असाच करतात."

"आणि कापायचा कुठे?"

"ऑफिसात. एसी आहे. मशीन थांबवता येत नाही ना आता."

ताईने माझ्या घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं मी काढून घेतलं. आपटलं असतं, आणि भांडं चांगलं होतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "ए रंगाऱ्या, किसणी घेऊन ये. माझी बोथट झालीय."

मी रंगारी. उभा जन्म भिंती खरवडण्यात गेला. लोक रंगाचं कौतुक करतात, पण रंग हे शेवटचं आणि सोपं काम. खरं काम खरवडण्याचं. जुना पोपडा नखभर जरी राहिला तरी वर्षभरात नवा रंग सोलून निघतो. किसणी घेऊन गेलो तर टेबलावर संत्री, लिंबं, अंडी, मैदा, लोणी, दही मांडलेलं. भावोजी कोपऱ्यात खुर्चीवर, पाय वर घेऊन. ते बस चालवायचे. गर्दीत अंग चोरून बसायचं त्यांना कळतं.

"कुणाचा केक?" मी विचारलं.

"कीस."

"अगं पण स्वतःचा केक स्वतः कुणी करतं का?"

"माझा कोण म्हणालं? बुटकीचा आहे." तिने लोण्यात चमचा असा खुपसला की मी मागे सरलो. "तिला केक नाही, तर मला कुठल्या तोंडाने? उद्या मी बाहेर पडले की संपलं. बाहेरच्या बाईने बाहेरच्या बाईला दिलेला केक हा नुसता केक असतो. मी लॉन्ड्रीची आहे तोवर तो तिच्या हातात पडला पाहिजे. कीस म्हटलं ना!"

मी किसलं. ताई साखर मोजत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी माझ्या पद्धतीने किसलं, म्हणजे तळापर्यंत. सालीचं केशरी संपून खालचं पांढरं लागलं, तेही उतरवलं. हातात घेतलेलं एकही फळ अर्धवट सोडलं नाही. ताईने तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळला, लोणी फेटलं, अंडी एकेक करून घातली, मैदा चाळून मिसळला. केक छान फुगला. वास तर जिन्यापर्यंत गेला. मग तिने कडेचा कण तोडून जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पांढरं किसलंस?"

"सगळं किसलं. नीट."

"अरे मेल्या, ती भिंत होती का? पांढरं कडू असतं! वरचा रंग तेवढा घ्यायचा असतो, वरचा!"

"वरवरचं काम मला येत नाही," मी म्हणालो. मलाही राग आला होता. मनगट दुखेपर्यंत राबलो होतो.

भावोजींनी एक तुकडा घेतला, शांतपणे चावला. "औषधी आहे," म्हणाले. "पोट साफ होईल."

"तुम्ही बोलू नका!" हे आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ताईने पुन्हा सगळं काढलं. उरलेली फळं तिने स्वतः किसली. हलक्या हाताने, फळ फिरवत, दर वेळी नव्या जागी. केक बाहेर आल्यावर विणायच्या सुईने त्याला भोकं पाडली आणि गरम असतानाच संत्र्याचा साखर घातलेला रस चमच्याने मुरवला. इथवर बरोबर होतं. गरम केक रस ओढून घेतो. झिलईचं मात्र उलट असतं. पिठीसाखर आणि लिंबाचा रस घट्ट कालवायचा आणि केक पार गार झाल्यावर ओतायचा. तो कडांवरून संथ उतरतो आणि जिथे थांबेल तिथे पांढरा होऊन धरतो. पण एक केक माझ्यामुळे वाया गेला होता आणि बुटकी लवकर झोपणारी. ताईने केकच्या कडेला हात लावला. कोमट होता. तिने वाटी उचलली.

"ताई, ओल्या भिंतीवर रंग धरत नाही."

"तू गप्प बस, कडू."

झिलई वितळली. अर्धी केकमध्ये मुरली, अर्धी ताटात वाहून गेली. जे वर राहिलं त्यातून खालचा केक दिसत होता.  ताईने डब्यात केक ठेवला, डबा पांढऱ्या कापडात बांधला आणि चपला घातल्या.

बुटकीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर. जिन्यात दिवा नव्हता. दार बुटकीनेच उघडलं. माझ्या छातीला लागेल एवढी बाई, पण दार भरून उभी राहिली.

"काय?"

"केक."

"कसला?"

"तुझा. राहिलेला."

"आता? उद्या तुझा निरोप आहे म्हणून आज माझी आठवण झाली होय? स्वतःच्या पानात वाढून घेण्याआधी भिकाऱ्याला घास काढतेस?"

"तोंड सांभाळ. मी तेव्हा केला नाही, कारण तुला हाकललं होतं. हाकलण्याला..."

"हाकललं त्यांनी!" बुटकीचा आवाज जिनाभर घुमला. शेजारचं एक दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं. "त्यांनी हाकललं, ते मला कळलं होतं. मी काय तान्ही आहे? तू केक केला असतास तर मी नुसती हाकललेली राहिले नसते. मी तिथे काम करून गेले असते. तेवढाच फरक होता आणि तो तुझ्या हातात होता. तू तो तुझ्या रागावर उधळलास."

ताईने डबा तिच्यापुढे धरला. 

"आणि दारात देतेस?" बुटकी म्हणाली. "दारात दूध देतात. केक कुठे कापतात ते विसरलीस? ने परत."

दार बंद झालं. ताईने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि जिना उतरली.   चूक माझ्या बहिणीची होती आणि मला राग बुटकीचा येत होता. माणसाचं असंच असतं.

दुसऱ्या दिवशी ताईचं सामान आणायला मी लॉन्ड्रीच्या फाटकाशी गेलो. वॉचमन बाकावर बसला होता. त्याच्यासमोर बुटकी उभी होती, हातात डबा, कापडाची गाठ तशीच.

"आत सोडत नाहीत म्हणतोय हा," ती मला म्हणाली, जणू फाटकाला कुलूप मीच घातलं होतं.

"बाहेरच्यांना परवानगी नाही," वॉचमन म्हणाला.

"बाहेरची? तू चड्डीत होतास तेव्हापासून मी इथे चादरी घालतेय."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"माझी गेली. माणूस मरत नाही. वाईट मात्र वाटतं."

मी वॉचमनला म्हणालो, आत निरोप तरी पाठव. त्याने फोन उचलला. ऑफिसात तेव्हा समारंभ चालू होता हे नंतर कळलं. फोटोचा केक मांडलेला, साहेब सुरी घेऊन उभे, सुपरवायझरचं भाषण अर्ध्यात. ताईच्या कानावर निरोप गेला आणि ती उठली. ॲप्रनसकट तरातरा फाटकाकडे आली. मागून सुपरवायझर धावत.

"अहो ताई, साहेब खोळंबलेत! केक कोण कापणार?"

"तुमच्या त्या चिमट्याला सांगा," ताई म्हणाली.

ती बुटकीसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता माफी मागेल. तिने बुटकीचं मनगट धरलं.

"चल."

"सोड. मी येईन माझी माझी."

"मावशी..." वॉचमन उठला.

"सुट्टीचा भोंगा वाजलाय का?" ताईने त्याला विचारलं. "नाही ना? मग अजून मी इथली आहे, आणि ही माझी जोडीदारीण आहे. तुला अडवायचं असेल तर दोघींना अडव."

वॉचमनने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात त्या दोघी आत गेल्यासुद्धा.

मी फाटकाशीच राहिलो. मला कुणी या म्हणालं नाही. आतला घरघराट मला एवढ्या अंतरावरून ऐकू येत होता. मग तो एकदम थांबला. लॉन्ड्रीत किती आवाज असतो ते तो थांबल्यावरच कळतं. मशीन कुणी बंद केलं, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. साहेबांनी चौकशी लावली, पण सगळ्या बायकांची पाठच होती म्हणे. बरं झालं. मी तर म्हणतो, आधीच करायला हवं होतं.

मशीन पुन्हा सुरू झालं. भोंगा वाजला. दोघी बाहेर आल्या, भांडत.

"झिलई पातळ होती."

"घाई होती."

"इतकी वर्षं घाई नव्हती ना? मग एका दिवसाने काय बिघडलं असतं? गार होऊ द्यायचा."

"खाल्लास की नाही?"

"खाल्ला. पातळ ती पातळच."

फाटकाबाहेर बुटकीने कापड झटकलं. चुरा पडला. एक टोक तिने धरलं, दुसरं ताईने. ताणलं, मध्ये दुमडलं, पुन्हा दुमडलं. दोघींपैकी कुणीही कापडाकडे पाहिलं नाही. घडी कोपऱ्याला कोपरा लागून बसली आणि भांडणात एका शब्दाचाही खंड पडला नाही.

मग त्या पुढे चालू लागल्या. ताईची पिशवी, डबे आणि तिच्या जाड तळव्यांच्या चपला माझ्याकडे. मी केकचा डबा उघडून पाहिला. रिकामा. अख्ख्या लॉन्ड्रीने खाल्ला होता, वॉचमनसाठीसुद्धा एक तुकडा बाजूला काढला होता.

माझ्यासाठी नाही. किसणी माझी आणि पोटभर शिव्या खाल्लेला माणूसही मीच. ताईच्या घरी गेलो तर भावोजींनी ताटलीत वाढून ठेवलं होतं.

"हा तुमच्या वाटणीचा," म्हणाले. "कडू."

मी खाल्ला. वाया घालवणं मला जमत नाही.